गिरणी बंद नाही

पहिल्यांदा झालं तेव्हा मी अख्खी गल्ली रस्त्यावर आणली होती.

सकाळची वेळ होती. गिरणीत बायकांची रांग, दगडांवरच्या नसराळ्यात कुणाची तरी ज्वारी ओतलेली, मोटर चालू. आणि एकाएकी पायाखालची फरशी हलायला लागली. छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, भिंती अंगावर येतात की काय असं वाटलं. आमचं गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंपानंतर जुनी जागा सोडून नव्या जागेवर वसवलेलं, सरळ गल्ल्यांचं. आमच्याकडे जमीन हलली की माणूस विचार करत बसत नाही. मी मोटर बंद केली आणि ओरडले, "भूकंप हाय, पळा."

सगळ्या पळाल्या. एक जण तर पिठाचा डबा काखेत मारून पळाली. त्यांना पळताना बघून समोरच्या घरातली माणसं पळाली, त्यांना बघून पलीकडच्या गल्लीतली. शाळेत गुरुजींनी पोरं मैदानात आणून बसवली. कुणी लातूरला फोन लावला, कुणी औशाला. कुठेच काही नव्हतं. आमच्या गावात अजूनही काही घरांत फळीवर तांब्यावर उपडा तांब्या ठेवतात, जमीन जराशी हलली तरी तो खाली येतो आणि माणसं जागी होतात. जाणती माणसं घरोघर जाऊन ते तांबे बघून आली. एकही पडलेला नव्हता. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्या दिवशी हसण्यावारी गेलं. मीही हसले. पण थोड्या दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि मग पुन्हा. दुसऱ्या वेळी निम्मी गल्ली बाहेर आली. तिसऱ्या वेळी कुणीच आलं नाही. मी एकटीच रस्त्याच्या मधोमध उभी होते, तोंडावर पीठ, पायात चप्पल नाही, आणि माणसं दारातून बघत होती. भूकंप माझ्या एकटीला होत होता.

ही गिरणी माझ्या सासऱ्यांची. ते गेले तेव्हा नवऱ्याचं जीपवर बस्तान बसलेलं होतं, किल्लारी ते लातूर सीट भरून न्यायच्या आणि आणायच्या. गिरणीत त्याला रस नव्हता. विकून टाकू म्हणाला. मी म्हणाले, मी चालवते. बाईमाणसाला गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी मारणं जमणार नाही, पट्टा चढवणं जमणार नाही, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं. जमलं. ज्वारी बारीक, गहू मध्यम, डाळ कोरडी असेल तरच, हे नियम मी घातले आणि ते मोडायची कुणाची हिंमत नव्हती. आधी मी अमक्याची सून होते, मग अमक्याची बायको, आणि मग लोक मला गिरणीवाली म्हणायला लागले. मला ते फार आवडायचं. म्हणून पुढे जे झालं, त्यात माझा सगळा जीव त्या गिरणीत अडकला होता, हे आधीच सांगून ठेवते.

गावाने कारण लगेच शोधून काढलं. भूकंपाची भीती पोटात बसली म्हणे. माझा थोरला भाऊ त्या भूकंपात गेला हे खरं. पण मी तेव्हा अंगावर पिणारी होते. मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. तरी येईल तो माणूस मला माझंच दुःख समजावून सांगायचा, आणि मी नाही म्हटलं की, बघा, मनातलं बोलत नाही बिचारी, म्हणायचा. मला बिचारी म्हटलेलं चालत नाही. पहिल्यापासूनच.

लातूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखं काहीतरी केलं, हृदय ठणठणीत निघालं. चांगली बातमी होती, पण ती सांगायची तऱ्हा अशी की मी सगळ्यांना उगाच फिरवून आणलं असं वाटावं. "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की त्याचा मला राग येतो. टेन्शन म्हणजे बाजारातली भाजी आहे का, घेतली किंवा नाही घेतली? मी काही घेत नव्हते. ते येत होतं. ज्वारी चाळताना येत होतं, पोरीची वेणी घालताना येत होतं, हसता हसता येत होतं.

मग गॅस झाला म्हणून ओवा खाल्ला. समोरच्या गल्लीत एक आक्का आहे, साठीची, सगळ्या गावाची सल्लागार. ती म्हणाली, नजर लागली, लिंबू उतरव. उतरवलं. कुणीतरी अंगारा आणून दिला, तोही लावला. सासू उपवास धरून बसली. शेवटी नवऱ्याने मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चिठ्ठी नव्हती. घरात बाईला झोप येत नाही, धडधड होते, एवढं सांगितल्यावर दुकानदाराने खालच्या खणातून पांढऱ्या बारीक गोळ्या काढून कात्रीने पट्टी कापून दिली.

त्या गोळीने जादू केली, हे मी लपवणार नाही. घेतली की तासाभरात अंग सैल, डोकं शांत. मला वाटलं, सुटले. पण जादूला हळूहळू एकीच्या दोन गोळ्या लागायला लागल्या, आणि ज्या दिवशी नसेल त्या दिवशी आधीच्यापेक्षा दुप्पट भीती. मी पदराच्या गाठीत गोळी बांधून फिरायला लागले. गोळी आहे ना, हे बघायला मी दिवसातून कितीदा तरी ती गाठ चाचपायची.

तेव्हा नवऱ्याने नांदेडला जायचं ठरवलं. मनाच्या डॉक्टरांकडे. लातुरात असे डॉक्टर नाहीत का? आहेत. पण लातुरात जीपवाल्यांना ओळखणारी माणसं चौकाचौकात, कुणी बघितलं तर काय सांगायचं? म्हणून आमच्याकडची माणसं हे दुखणं दुसऱ्या जिल्ह्यात नेतात. पाय मोडला तर जवळचा डॉक्टर, डोक्याचं असेल तर जितका लांबचा तितका चांगला.

सकाळच्या बसने निघालो. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता. पुढच्या सीटवरच्या बाईच्याही तोंडाला होता, मागच्या जोडप्याने उपरणं आणि पदर ओढून घेतलेला. ऊन होतं, मला वाटलं उन्हासाठी असेल. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, कुणी तोंड सोडलं नाही. नांदेडला दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसले, तर माझ्याआधी ती पुढच्या सीटवरची बाई तिथे बसलेली, आणि माझ्यामागून ते जोडपं आत आलं. शेजारी हिमायतनगरची एक बाई होती. मी लातूरकडची आहे हे तिने बोलण्यावरून ओळखलं आणि हसून म्हणाली, "आमच्या नांदेडच्या सोयऱ्याची सून तुमच्या लातूरला जाते. इथं कुणी बघू न्हाई म्हणून." मला इतकं हसू आलं की क्षणभर धडधड थांबली. दोन जिल्ह्यांतली माणसं एकमेकांच्या गावात जाऊन लपत होती आणि वाटेत त्यांच्या बस एकमेकींना ओलांडून जात होत्या.

हसता हसता माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे आमची आक्का बसली होती. लिंबू उतरव म्हणणारी. तिने मला बघितलं, मी तिला बघितलं, आणि दोघींनीही पदर आणखी खाली ओढला. (हे मी तिला विचारून लिहिते आहे. लिही म्हणाली, नाव तेवढं घालू नको.)

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी सगळं नीट विचारलं, रक्त तपासायला लावलं, थायरॉइड बघायचं म्हणाल्या, कारण त्यानेही छाती धडधडते. आणि आम्ही नवराबायको त्यांच्यासमोर बसून खोटं बोललो. नाव दुसरंच सांगितलं. काम काय करता, तर घरीच असते. आणखी काही गोळ्या चालू आहेत का, तर नाही. लपायला आलो होतो, तर पूर्ण लपलो. मोठ्या हुशारीने केलेला मूर्खपणा होता तो, आणि आमच्या भागात तो रोज कुणी ना कुणी करतं.

त्यांनी सांगितलं की ह्याला भीतीचा झटका म्हणतात, हे दुखणं आहे, वेड नाही, ह्याने माणूस मरत नाही. एक गोळी रोजची दिली. ती लगेच काम करणार नाही, काही आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळ किंवा जास्त अस्वस्थ वाटू शकतं, तरी सोडू नका म्हणाल्या. दुसरी थोड्या दिवसांपुरती दिली, ती झोप आणणारी होती. मी घरी येऊन त्या दोन्ही घेतल्या आणि वरून मेडिकलमधल्याही चालू ठेवल्या. न सांगितलेल्या गोळ्यांबद्दल मला कोण काय सांगणार?

त्या आठवड्यात मी गिरणीत उभ्याने पेंगत होते. एरवी मी पदर खोचल्याशिवाय मोटरीजवळ जात नाही. त्या दिवशी खोचला नाही, हे मला कळलंही नाही. पट्ट्याने पदराचं टोक धरलं. खांद्याला हिसका बसला तेव्हा मी जागी झाले, आणि तोवर अर्धी साडी पट्ट्यात गेली होती. सासू पीठ भरत बसली होती. ती उठली कधी आणि बटण दाबलं कधी, तिलाही सांगता येत नाही. साडी फाटली, खांदा काळानिळा झाला, मी वाचले.

संध्याकाळपर्यंत गिरणीला कुलूप लागलं होतं.

कुणी रागावलं नाही, हीच खरी अडचण होती. रागावले असते तर मी भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. पण सगळे मायेने बोलत होते. नवरा म्हणाला, आता तू आराम कर. जाऊ भाजी-भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, आराम करा. दळणाच्या बायका येऊन डोकावून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, आराम कर गं माय, तब्येतीपेक्षा गिरणी मोठी हाय का. मी खाटेवर बसून विचार करत होते की ह्या सगळ्या मिळून मला जिवंतपणी खाटेत पुरायला निघाल्या आहेत. नवऱ्याने चाकूरच्या एका माणसाला मशीन विकायचा शब्दही दिला. तो दसरा झाला की टेम्पो घेऊन येणार होता. हे मला नंतर कळलं, आणि नवऱ्याने जीप घेताना जेवढं विचारलं होतं तेवढंही गिरणी विकताना विचारलं नाही, ह्याचा राग अजून गेलेला नाही.

त्यात सासूने आणखी एक काम केलं. हे सगळं त्या गोळ्यांनी झालं म्हणून तिने घरातली एकूण एक गोळी उकिरड्यावर टाकून दिली. तिच्या जिवाला बरं वाटलं. माझे मात्र हाल झाले. हात थरथरायला लागले, घाम फुटायचा, झोप नावाला नाही, आवाज झाला की अंगावर काटा. जुनी भीती होतीच, ही वेगळीच होती. गोळी वाईट म्हणून एकदम फेकणं आणि गोळी चांगली म्हणून मनाने वाढवणं, दोन्ही आमच्याच घरात झालं.

मी उठले. कुणाला न विचारता पिशवी भरली. नवरा म्हणाला, उद्या नेतो. मी म्हणाले, नको. सासू म्हणाली, एकटी कशी जाशील, वाटेत झालं तर? मी म्हणाले, वाटेत झालं तर वाटेत होईल, नांदेड तर येईल. आणि ह्या वेळी तोंड बांधलं नाही. बसमध्ये दोनदा झटका आला. शेजारची बाई म्हणाली, पाणी पी. प्याले. पुढचं गाव आलं. मग त्याच्या पुढचं.

डॉक्टर बाईंसमोर बसल्या बसल्या मी सांगितलं की माझं नाव हे नाही, ते आहे. मी घरी नसते, मी गिरणी चालवते. आणि मी मेडिकलमधून अमुक गोळ्या इतके महिने घेत होते आणि आता एकदम बंद झाल्या आहेत. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आधी विचारलं, फिट वगैरे आली नाही ना? अशा गोळ्या रोज घेऊन एकदम तोडल्या तर फिटही येऊ शकते, म्हणून त्या हळूहळू, ठरवून, डॉक्टरला विचारून कमी करायच्या असतात, हे त्यांनी मला तेव्हा समजावलं. ती झोपेची गोळी त्यांनी थोडी पुन्हा सुरू केली आणि मग कशी कशी उतरवायची ते आखून दिलं. रोजची गोळी पुन्हा सुरू केली आणि सांगितलं की बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने सोडायची नाही, कित्येक महिने घ्यायची, आणि थांबवायची तेव्हाही दोघींनी मिळून थांबवायची.

"आणि गिरणी?" मी विचारलं. मला तेवढंच विचारायचं होतं.

त्या म्हणाल्या, गुंगी आहे तोपर्यंत पट्ट्याजवळ जायचं नाही, म्हणजे नाही. मी सांगेन तेव्हाच. पण गिरणी सोडायची नाही. मग जे म्हणाल्या ते मी शब्दाला शब्द सांगू शकते. "भीती वाटते म्हणून एकदा जागा सोडली, की ती जागा भीतीची होते. आज गिरणी सोडाल, उद्या रस्ता, परवा घराचा उंबरा. रोज गिरणीत जाऊन बसा. झटका आला तर पळू नका. तो चढतो आणि उतरतो. उतरेपर्यंत तिथेच थांबा."

उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं, की एवढ्या लांब कशाला येता, लातुरातही चांगले डॉक्टर आहेत, दर महिन्याला भेटता येईल. मी म्हणाले, मॅडम, आमचं अर्धं लातूर तुमच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलंय, त्यांना सांगा. त्या हसल्या. आमचं अर्धं नांदेड तिकडे असतं, म्हणाल्या.

घरी आले आणि नवऱ्याकडे किल्ली मागितली. दळणासाठी नको, बसण्यासाठी. त्याला वाटलं माझं डोकं पूर्णच फिरलं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने किल्ली दिली, पण चाकूरवाल्याला दिलेला शब्द मागे घेतला नाही. बस किती बसायचं ते, मशीन दसऱ्यापर्यंत आहे, म्हणाला.

सासूला मी बटणाजवळचं स्टूल दिलं. आत्या, तुम्ही एकदा वाचवलं, आता रोज वाचवायचं काम तुमचं, म्हणाले. आधी मोटर बंद ठेवून बसले. मग मोटर नुसती चालू, पट्टा काढलेला. फरशी हलायला लागली की मी फरशीला हात लावून बसायची. मोटरीने जेवढी हलते तेवढीच हलायची, बाकीची मी हलत होते. झटका चढायचा, मला वाटायचं ह्या वेळी मात्र मेले, आणि मग हळूहळू उतरायचा. सासू जप करत बसायची आणि मधूनच विचारायची, उतरलं का. मी मान हलवायची. कधी कधी मी रडायची. तीही रडायची. मग आम्ही चहा प्यायचो, अर्धा कप, कारण डॉक्टर बाईंनी चहा कमी करायला सांगितला होता आणि सासूला ते औषधापेक्षा जास्त पटलं होतं.

झोपेची गोळी उतरत उतरत सुटली. रोजची लागू पडली, पण एका सकाळी उठून नाही. एक दिवस ध्यानात आलं की मी पोरीची वेणी पूर्ण घातली आणि मधे थांबले नाही. लातूरच्या डॉक्टरांकडे आता जात होते, दिवसाढवळ्या, नवऱ्याच्याच जीपमध्ये, पुढच्या सीटवर बसून. सीटवाल्यांनी विचारलं कुठे, तर सांगायची, भीतीच्या दुखण्याच्या डॉक्टरकडे. नवरा आरशातून मागच्या सीटवाल्यांची तोंडं बघायचा. पहिल्या खेपेला त्याचा चेहरा पडला होता, दुसऱ्या खेपेला कमी पडला. लातूरच्या डॉक्टरांनी गुंगी नाही हे तपासून मला मशीनवर उभं राहायची परवानगी दिली, पदर खोचून आणि कुणीतरी बटणाजवळ असताना.

त्याच दिवसांत आक्का मागच्या दाराने आली. तिचा चेहरा उतरलेला होता. लेक बाळंतपणाला आली आहे, नांदेडला जायला जमत नाही, गोळ्या संपल्या, तुझ्यातली एक पट्टी दे, म्हणाली. दुखणं एकच आहे ना आपलं, म्हणाली. मला तिची इतकी कणव आली की हात डब्याकडे गेलाही होता. मग मी हात मागे घेतला. माझी गोळी माझ्या अंगाची आहे, तिला बीपी आहे, तिच्या गोळ्या कुठल्या मला ठाऊक नाही. "गोळी देत न्हाई आक्का. लातूरला चला, मी संग येते. उद्याच." आक्का चिडली. लातूरला, सगळ्यांसमोर, तुझ्यासारखी? मला काही लाजलज्जा आहे, म्हणाली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी गावात झालं की गिरणीवालीला माज आलाय.

आणि दसरा झाल्यावर चाकूरचा टेम्पो आला.

सकाळीच आला. बायका दळण घेऊन उभ्या होत्या, कारण आता मी थोडं थोडं दळत होते. चाकूरचा माणूस सभ्य होता, सोबत दोन हमाल. नवरा त्याच्याबरोबर आत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, शब्द दिला होता. हमालाने मोटरीचे नट बघायला आमच्या खिळ्यावरचा पाना काढला. आणि नेमकं तेव्हाच मला झालं. इतके आठवडे गेले होते, आणि यायचं ते तेव्हाच आलं. फरशी गेली, श्वास गेला, हात गार पडले. बायका माझं तोंड बघून मागे सरकल्या. कुणीतरी म्हणालं, झालं बगा सुरू. चाकूरचा माणूस घाबरून नवऱ्याला म्हणाला, वहिनींना घरी न्या आधी.

पळायला दार मोकळं होतं. अख्खी गल्ली मला घरी न्यायला तयार होती. मी गव्हाच्या पोत्यावर बसले आणि फरशीवर दोन्ही हात टेकवले. आवाज फुटत नव्हता, तरी बोलले. "भूकंप न्हाई हे. माझं दुखणं हाय. आत्ता चढलंय, आत्ता उतरंल. कुणी मला हात लावू नका, कुणी मशिनीला बी हात लावू नका."

मग सगळे थांबले. हमाल पाना हातात धरून थांबला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, मला तो फार मोठा वाटला. सासू स्टुलावरून उठली नाही. उतरलं का, एवढंच तिने एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं.

मी उभी राहिले. नवऱ्याला म्हणाले, "मला भीती वाटतीय, आणि मशीन विकायची न्हाई. दोन्ही खरं हाय."

चाकूरच्या माणसाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. नवऱ्याने हमालाच्या हातातून पाना घेतला आणि खिळ्याला अडकवला. चाकूरच्या माणसाला चहाला घरी चला म्हणाला. शब्द मोडल्याबद्दल त्याने त्याची माफी मागितली, माझी नाही. ती मी मागून घेणार आहे, सोडलेलं नाही.

रांगेत शेवटी आक्का उभी होती, मला ती दिसलीच नव्हती. ती सगळ्यांच्या पुढे आली आणि ज्वारीचा डबा माझ्या पायाशी ठेवला. बायका कुजबुजल्या, अजून हात थरथरतात तिचे, दुसरीकडून दळून आणा. आक्का त्यांच्याकडे वळली. "थरथरू देत. माझे बी थरथरतेत. मी थांबते."

मी पदर खोचला. सासूने बटणावर हात ठेवला. मी ज्वारी नसराळ्यात ओतली. थोडी बाहेर सांडली, ती तशीच राहू दिली आणि सासूला म्हणाले, चालू करा.